सूत्री की अर्धगुणसूत्री? चार गुणसूत्रं काढून बघा

सूत्री (mitosis) आणि अर्धगुणसूत्री (meiosis) हे पेशीविभाजनाचे दोन प्रकार परीक्षेत हमखास एकमेकांत मिसळतात. व्याख्या घोकण्याआधी कागदावर चारच गुणसूत्रांची पेशी काढा: एक लांब जोडी, एक आखूड, प्रत्येक जोडीतलं एक लाल, एक निळं. (माणसाच्या पेशीतली सगळी 46 काढायच्या फंदात पडू नका.)

सूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत चारही गुणसूत्रं सुटी सुटी एका रांगेत येतात. प्रत्येकाची अर्धगुणसूत्रं (विभाजनाआधी दुप्पट झालेल्या गुणसूत्राचे दोन सारखे धागे) विरुद्ध टोकांना जातात आणि चार-चार गुणसूत्रांच्या दोन पेशी मिळतात.

अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या भागात मात्र जोड्या रांगेत येतात, लाल-निळं समोरासमोर. त्याआधी दोघांत तुकड्यांची अदलाबदल होते. ती रंगांमुळे चित्रात लगेच दिसते. मग जोडीदार वेगळे होतात, पण गुणसूत्र दुभंगत नाही. संख्या निम्मी होते ती इथेच, दुसऱ्या भागात नव्हे. नेमकं इथेच बहुतेकांचे गुण जातात. दुसरा भाग सूत्री विभाजनासारखाच. शेवटी दोन-दोन गुणसूत्रांच्या चार पेशी.

माणसाच्या त्वचापेशीत 46, पण अंडपेशीत आणि शुक्रपेशीत 23 का, हे उत्तर याच चित्रावरून लिहिता येतं.