ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या कल्चरमध्ये अनोळखी जंतू आला तर सिक्वेन्सिंग कसं करून घ्यायचं (कोल्हापूरकरांसाठी)

केमोनंतर ताप आला की हल्ली नातेवाईक थेट विचारतात, जीनोम सिक्वेन्सिंग (जंतूचा सगळा डीएनए वाचणं) करूया का, नेटवर वाचलंय. करता येतं की, पण आधीची कामं नीट झाली नसतील तर पैसे पाण्यात. मी लॅबमध्ये कल्चरचं, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायचं काम बघतो, त्या बाजूनं सांगतो, औषधाचं डॉक्टर ठरवतील.

आधी ताप. ल्युकेमियात काउंट पडलेले असताना, म्हणजे एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० च्या खाली, एकदा जरी १०१ लागला किंवा १००.४ तासभर टिकला तर ती इमर्जन्सी. राधानगरी, गडहिंग्लजकडची माणसं रात्री पॅरासिटामॉल देऊन सकाळच्या एसटीची वाट बघत बसतात, तसलं अजिबात करू नका, गोळीनं ताप दबतो, जंतू नाही. रात्रीच गाडी करा आणि निघतानाच वॉर्डला फोन टाका.

ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं, पण त्यापायी अँटिबायोटिक अडवायचं नाही, पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे. पोर्ट किंवा पिक लाईन (मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी) असेल तर एक सेट, म्हणजे दोन बाटल्या, त्यातनं, एक हाताच्या शिरेतनं, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० एमएल. "आधीच रक्त कमी, त्यात एवढं कशाला काढताय" हे आम्ही रोज ऐकतो. पण एका एमएलमध्ये कधीकधी एखादाच जिवंत जंतू असतो हो, दोन एमएलवर भागवलं तर तो हुकणारच. लहान पोरांचं वजनावर ठरतं.

बाटली मशीनमध्ये साधारण ५ दिवस राहते, वाढ दिसली की अलार्म वाजतो, ग्राम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली) बघून आम्ही डॉक्टरांना कळवतो आणि मग प्लेटवर कॉलनी वाढवून माल्डी-टॉफ मशीनवर लावली की मिनिटांत नाव येतं. मेख इथंच आहे. ते मशीन प्रोटीनचा पॅटर्न डेटाबेसशी जुळवतं, डेटाबेसात तो जंतूच नसेल तर नाव येत नाही नाहीतर भावकीतल्या दुसऱ्याचंच नाव छापून येतं. एलिझाबेथकिंगिया नावाचा जंतू बघा, असायचा त्यातला एनोफेलिस आणि रिपोर्टवर मेनिंगोसेप्टिका. आणि हा गडी मेरोपेनेमला सहसा जुमानत नाही, म्हणजे तापावर नेहमी चालू करतात ते भारीतलं इंजेक्शनच फुकट.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं: कल्चर पॉझिटिव्ह कळलं आणि ओळख पटेना, की त्याच दिवशी डॉक्टरांकडून लॅबला निरोप द्या, "आयसोलेट जपून ठेवा", आयसोलेट म्हणजे कल्चरमधनं वेगळा काढलेला तो जंतू. रिपोर्ट गेल्यावर काही दिवसांनी प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेवर जंतू मारायच्या मशीनमध्ये) जातात, मग सिक्वेन्सिंग कशाचं करणार? ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० ला ठेवलेला जंतू नंतरही वाढवता येतो.

पुढं आधी १६एस सिक्वेन्सिंग करा. १६एस म्हणजे सगळ्या बॅक्टेरियात असणारा, डीएनएच्या साधारण १५०० अक्षरांचा जीन, स्वस्तात होतो आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं. माहीत असलेल्या जंतूंशी जुळणी ९८.७ टक्क्यांच्या खाली आली किंवा दोन भाऊबंद वेगळे करता येईनात तरच होल जीनोम. त्यात एएनआय नावाचा आकडा (दोन जीनोम किती टक्के जुळतात) बघायचा, ९५-९६ च्या वर असेल तर तीच स्पीशीज. आपल्याकडनं सॅम्पल पुण्या-मुंबईला पाठवायची वेळ आली तर शुद्ध कल्चर किंवा काढलेला डीएनए जातो, पाठवायची जबाबदारी लॅबची, तुम्ही थर्मासात घालून ट्रॅव्हल्सनं नेऊ नका. किती दिवस, किती पैसे हे आधीच लेखी घ्या.

थेट रक्तातनं पण सिक्वेन्सिंग होतं, आधीच अँटिबायोटिक सुरू असून कल्चर निगेटिव्ह येत असेल तर त्याचा विचार करतात. पण रक्तात बहुतेक डीएनए माणसाचाच, शिवाय टेस्टच्या केमिकलमधनं आलेल्या जंतूंचा डीएनए पण दिसतो, त्यामुळं लांबलचक यादी बघून घाबरू नका. कल्चरमध्ये पण चार बाटल्यांपैकी एकाच बाटलीत कातडीवर एरवीही असणारा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतू आला असेल तर तो खरंच रक्तातला आहे का ते आधी विचारा.

सिक्वेन्सिंगच्या रिपोर्टमध्ये रेझिस्टन्स जीन्सची (औषधाला दाद न देणाऱ्या जीन्सची) यादी असेल, ती उपयोगाची आहे पण सेन्सिटिव्हिटीची (कुठलं औषध लागू पडतं त्या टेस्टची) जागा घेत नाही, एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं ते) लावायलाच सांगा, खास करून दुर्मिळ जंतूला. आणि त्याच वॉर्डात दुसऱ्या पेशंटला पण तोच जंतू निघाला तर दोन्ही जीनोम शेजारी ठेवून बघायला सांगा, अगदी जवळचे निघाले तर नळ, सिंक, सलाइन सगळं तपासायला लागतं.