खारीच्या शिकारीसाठी फाइस्ट पिल्लू घेतलंय? पहिलं वर्ष असं काढा

आधीच सांगतो, फाइस्ट म्हणजे झाडावरची खार शोधून देणारं छोटं शिकारी कुत्रं, आणि हे सगळं अमेरिकेतलं आहे. मी ईस्ट टेनेसीत राहतो आणि इथे सीझनमध्ये लायसन्स काढून खारीची शिकार रीतसर करता येते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, शेकरू तर आपला राज्यप्राणी, त्यामुळे गावाकडच्या कुत्र्यावर यातलं काही ट्राय करू नका. माझ्या आईला कळलं तेव्हा म्हणाली, रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली तिला मारतोस? आणि दोन दिवस फोनवर आली नाही. तेव्हाच ठरवलं की मारलेली खार घरी शिजलीच पाहिजे, वाया एकही जाता कामा नये, आणि ते आजपर्यंत पाळलंय.

आता कुत्रं. इकडे यासाठी मुख्यतः फाइस्ट नाहीतर माउंटन कर (cur) या जातीचं कुत्रं ठेवतात. माउंटन कर मोठं, ३० ते ६० पौंडांचं, फाइस्ट छोटं, साधारण १२ ते ३० पौंड, पण दम असा की तीन-चार तास डोंगर चढूनही शेपूट वरच. हा प्रकार इथला जुनाच आहे, जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७७० च्या डायरीतसुद्धा अशा छोट्या पिवळट कुत्र्याचा उल्लेख आहे. फाइस्ट नाकाइतकंच डोळ्याने आणि कानाने शिकार करतं, माग काढताना गप्प असतं आणि खार झाडावर चढली की खोडाला पुढचे पाय लावून भुंकायला लागतं. याला इथे ट्री करणं म्हणतात, आणि सगळी ट्रेनिंग फिरून फिरून या एका भुंकण्यावर येते. ते खरं पाहिजे. कुत्रं भुंकतंय म्हणजे वर खार आहे, एवढा भरवसा बसला की बाकी सगळं सोपं.

पिल्लू घेताना रंग, कान, वंशावळीचे पेपर नंतर बघा, आधी आई-बापाला जंगलात काम करताना बघा. ज्याचे आई-बाप दोघंही झाडावर खरं भुंकतात त्या पिल्लाला तुम्हाला फार काही शिकवायचं नसतं, ते रक्तातच असतं, तुम्ही फक्त ते बिघडवू नका. आमची भिंगरी अशाच घरातून ८ आठवड्यांची असताना आणली.

पिल्लू तीनेक महिन्यांचं होईपर्यंत शिकारीचं नावसुद्धा काढू नका. हाक मारली की यायला शिकवा, क्रेटमध्ये स्वतःहून चढायला, गाडीत न ओकता बसायला, गुडघाभर ओढा ओलांडायला. हाकेला येणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण जंगलात ते तुमच्यापासून दोनशे यार्डांवर असतं आणि मध्ये हायवे लागू शकतो. हाक मारून रागावायचं मात्र कधीच नाही, आलं की लाडच, मग ते कितीही उशिरा येवो.

तीनेक महिन्यांचं झालं की शेपटीचा खेळ सुरू करा. ओळखीच्या शिकाऱ्याकडून खारीची शेपूट घ्या (फ्रीझरमध्ये टिकते), मासे पकडायच्या गळाच्या काठीला दोरीने बांधा, हूक काढून, आणि गवतातून ओढत न्या. पिल्लू मागे धावतं, तोंडात आली आली म्हणेपर्यंत शेपूट झाडावर सरकवा, त्याला पोचणार नाही एवढीच वर. ते उड्या मारेल, रडेल, आणि एका क्षणी चिडून भुंकेल. तिथेच, त्याच भुंकण्यावर, शाबासकी द्या आणि शेपूट खाली सोडा. पाच मिनिटं बास, आठवड्यातून दोनदा. त्याला अजून हवं असतानाच थांबवायचं, कंटाळेपर्यंत खेळवलं तर मजाच जाते. काही जण पिंजऱ्यातली जिवंत खार दाखवतात. मला ते पटत नाही, खारीचे हाल होतात आणि कुत्रं पिंजऱ्यावर भुंकायला शिकतं, झाडावर नाही.

बंदुकीच्या आवाजाची घाई करू नका. एकदा कुत्रं बारला घाबरलं की ते काढणं महाकठीण. जेवत असताना लांबून भांडं वाजवा, मग टॉय पिस्तूल, मग शंभर यार्डांवरून पॉइंट टू-टूचा (.22, छोट्या गोळीची बंदूक) एक बार, दुसरा माणूस मारेल आणि तुम्ही पिल्लाशी खेळत राहाल असं. कान मागे गेले, शेपूट आत गेली की त्या दिवशी बंद. आणि चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांना पिल्लू बाहेर नको, घरात ठेवा.

खरं जंगल सहा-सात महिन्यांनंतर. पहाटे, वारा नसताना, हिकरी आणि व्हाइट ओकची झाडं असतील तिथे जा, खाली कुरतडलेल्या कवचांचा ताजा सडा दिसला की खारी जवळपास आहेत. हळू चाला, कुत्र्याला पुढे जाऊ द्या, सारखी हाक मारू नका. पिल्लू पायातच घुटमळत असेल तर ओंडक्यावर बसून राहा, कंटाळून ते स्वतःच निघतं. मोठं तयार कुत्रं सोबत न्यावं का यावर इथे लोक तासन्‌तास वाद घालतात, माझं मत विचाराल तर दोन-तीनदा न्या आणि मग एकटंच, नाहीतर ते दुसऱ्याच्या भुंकण्यावर भुंकायला लागतं आणि स्वतःचं नाक वापरतच नाही.

भिंगरीचं पहिलं झाड नोव्हेंबरातलं, पानं गळून गेली होती. ती एका हिकरीला पाय लावून भुंकत होती, आवाज नेहमीचा नाही, छोटे छोटे तोडलेले तुकडे, एकसारखे. मी वर बघत झाडाभोवती फिरलो, काही नाही. खार तशीच करते, तुम्ही इकडे तर ती खोडाच्या पलीकडे. मग मी थांबलो आणि मित्राला पलीकडे जाऊन लोंबणारी जंगली द्राक्षाची वेल हलवायला सांगितलं. दहा सेकंदांत माझ्या बाजूला खोडाची साल हलल्यासारखी वाटली, बघतो तर राखाडी शेपटीचं टोक वाऱ्याने थरथरतंय. भिंगरीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत वर.

यानंतर चूक केली ती मी. एवढा खूष झालो की ती कुठल्याही झाडावर भुंकली तरी कौतुक करायला लागलो, आणि डिसेंबरभर ती दिसेल त्या रिकाम्या झाडावर भुंकत बसली. ते निस्तरायला सहा आठवडे लागले. रिकामं झाड असेल तर रागावू नका, कारण खार ढोलीत शिरलेली असू शकते आणि कुत्रं खरं बोलत असेल. दहा मिनिटं नीट शोधा, ढोली आहे का, पानांचं घरटं आहे का बघा, काही नसेल तर न बोलता पुढे चालू लागा. लाड नाही, शिक्षा नाही. खार दिसली तरच शाबासकी, आणि पडलेली खार दोन मिनिटं तोंडात धरू द्या, फक्त कच्ची खाऊ देऊ नका.

हरणामागे पळणं हा दुसरा मोठा रोग. टेनेसीत कुत्र्याने हरणाची शिकार करणं बेकायदा आहे, शिवाय हरणामागे गेलेलं कुत्रं दोन डोंगर पलीकडे सापडतं, म्हणून जीपीएस कॉलर घ्याच. ई-कॉलर (रिमोटने हलका झटका देणारा पट्टा) वापरायची तर हाकेला पक्कं झाल्यावरच, अगदी कमी लेव्हलवर, आणि झाडापाशी उभ्या कुत्र्याला तर कधीच नाही, ते झाडालाच घाबरेल.

बंदूक जपून. पॉइंट टू-टूची गोळी मैलभर पुढे जाऊ शकते, त्यामुळे मागे जाड खोड असेल तरच मारा, मोकळ्या आकाशात नाही. खार जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर असेल तर सोडून द्या, कुत्रं कधी मध्ये येईल सांगता येत नाही. एच-वन-बी व्हिसावर असाल तर व्हॅलिड हंटिंग लायसन्स नसताना बंदुकीला हात लावू नका, फेडरल कायदा आहे. १ जानेवारी १९६९ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना टेनेसीत हंटर एज्युकेशन कोर्स लागतो. दिवसाला मर्यादा टेनेसीत १० खारी, शेजारच्या केंटकीत ६, तरी शिकारीच्या नियमांची दरवर्षीची गाइड बघा. चेरोकी नॅशनल फॉरेस्टमध्ये चालतं, स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कमध्ये शिकार पूर्ण बंद.

ऑगस्टात सीझन उघडला तरी मी थंडी पडेपर्यंत थांबतो. उन्हाळ्याच्या शेवटी खारींच्या कातडीत बॉटफ्लाय माशीच्या अळ्या असतात, कॉपरहेड हे विषारी साप फिरत असतात आणि गोचिडी तर विचारू नका. हार्टवर्मची (हृदयात होणाऱ्या जंतांची) गोळी मात्र बारा महिने, इकडे डास भरपूर आणि तो आजार कुत्र्याचा जीव घेतो. घरी आलं की आधी पाणी, मग बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत, काखा, सगळीकडे हात फिरवून गोचिडी काढा, पंजात काटा आहे का बघा, आणि जेवण अर्ध्या तासाने, धाप बसल्यावर.