डिझेल गाडीसाठी योग्य सिंथेटिक ऑइल कसं निवडावं

इंजिन ऑइल घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचं देऊ?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. डब्याच्या दर्शनी बाजूला ब्रँड, 'फुल्ली सिंथेटिक' आणि ५डब्ल्यू-३० ही अक्षरं ठसठशीत छापलेली असतात. ते ऑइल तुमच्या इंजिनाला चालेल की नाही, हे मात्र मागच्या बाजूच्या बारीक मजकुरावरून ठरतं.

१. गाडीची पुस्तिका उघडा

पुस्तिकेतल्या इंजिन ऑइलच्या पानावरून तीन गोष्टी टिपून घ्या: ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा, ऑइल किती पातळ-जाड ते सांगणारा आकडा), दर्जा म्हणजे स्पेसिफिकेशन, आणि फिल्टरसकट ऑइल किती लिटर लागतं. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी इंजिनं येतात आणि वर्षागणिक दर्जाही बदलतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या 'सेम टू सेम' गाडीत काय टाकतात यावर जाऊ नका. पुस्तिका हरवली असेल तर ती बहुतेक गाडी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळते.

२. गाडीला डीपीएफ आहे का ते पाहा

सगळ्यात महाग चूक इथे होते. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली, धुरातली काजळी अडवणारी जाळी. काजळी साठली की गाडी स्वतःच एक्झॉस्टचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेऊन ती जाळून टाकते. पण राख जळत नाही. ही राख येते ऑइलमधून. इंजिन स्वच्छ राहावं, भाग झिजू नयेत म्हणून त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांची संयुगं मिसळलेली असतात. प्रत्येक इंजिन थोडंफार ऑइल जाळतंच. ते जळालं की या धातूंची राख जाळीत जाऊन बसते ती कायमची. जाळी काढून साफ करणं किंवा बदलणं, एवढेच उपाय उरतात आणि दोन्ही खिशाला जड.

म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर त्याला 'लो सॅप्स' किंवा 'मिड सॅप्स' म्हणतात. ए३/बी४ या युरोपीय दर्जाचं ऑइल कितीही उंची सिंथेटिक असलं तरी त्यात राख जास्त असते, तेव्हा ते या गाडीत नको. उलट, डीपीएफ नसलेल्या जुन्या इंजिनाला बऱ्याचदा ए३/बी४च सांगितलेलं असतं. जिथे डिझेलमध्ये गंधक जास्त असतं तिथे ते अधिक सोयीचं, कारण गंधकामुळे तयार होणारं आम्ल मारण्याची ताकद त्यात जास्त असते.

३. डब्याची मागची बाजू वाचा

युरोपातली एसीईए ही संस्था 'सी' मालिकेत कमी राखेची ऑइलं बसवते. सी४ मध्ये (आणि २०२१ साली यादीतून काढलेल्या सी१ मध्ये) राखेची मर्यादा ०.५ टक्के, सी२, सी३ आणि सी५ मध्ये ०.८ टक्के. मग सी२ आणि सी३ मध्ये फरक काय? १५० अंश तापमानात, भाग वेगाने एकमेकांवरून सरकताना ऑइलचा थर किती टिकतो, हा. सी३ मध्ये तो जाड राहतो, सी२ मध्ये थोडा पातळ, म्हणजे इंधनाची जराशी बचत. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३०च लिहिलेलं असू शकतं! नुसता ग्रेड जुळला म्हणून ऑइल जुळलं असं होत नाही, ते यामुळेच.

अमेरिकेच्या एपीआय पद्धतीत 'एस' पेट्रोलसाठी आणि 'सी' डिझेलसाठी असतं: सीआय-४, सीजे-४, सीके-४. पण हे 'सी' दर्जे मुख्यतः ट्रकसारख्या अवजड इंजिनांसाठी आखलेले आहेत. पुस्तिकेत एसीईए किंवा कंपनीचा दर्जा दिला असेल, तर डब्यावरचा सीके-४ बघून समाधान मानू नका.

गाडी कंपन्यांचे स्वतःचे दर्जे याहून काटेकोर असतात: फोक्सवॅगनचा ५०७.००, मर्सिडीजचा २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४, रेनोचा आरएन०७२०. पुस्तिकेत असा आकडा असेल तर डब्यावर तोच हवा. त्याच्या आधीचा शब्दही नीट वाचा. 'अप्रूव्ह्ड' म्हणजे गाडी कंपनीने तपासून मान्यता दिलेली. 'सूटेबल फॉर' किंवा 'रेकमेंडेड फॉर' हा ऑइल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा. वॉरंटीतल्या गाडीला मी तरी 'अप्रूव्ह्ड'च घेईन.

४. आता ग्रेड

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांना. तुमच्याकडे बर्फ पडत नसला तरी आकडा लहान असण्याचा फायदा होतो: सकाळी चावी फिरवल्यावर ऑइल टर्बोपर्यंत लवकर पोचतं, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा. "गाडी जुनी झाली, आता जाड टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. पुस्तिकेत अधिक जाड ग्रेडही दिला असेल तरच तो ऐका.

५. 'सिंथेटिक' या शब्दाला किती महत्त्व द्यायचं

फार नाही. मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या जाहिरातीच्या वादात १९९९ साली अमेरिकेत निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून खनिज तेलावर जबर प्रक्रिया करून केलेल्या 'ग्रुप ३' तेलालाही तिथे सिंथेटिक म्हणता येतं. रसायनांपासून घडवलेलं पीएओ हे 'ग्रुप ४'. ग्रुप ३ची चांगली ऑइलं दर्जात मुळीच कमी नसतात. दर्जा जुळत असेल तर आत कोणतं तेल आहे याची चिंता सोडा, आणि दर्जा जुळवून उरलेल्या डब्यांत आता ब्रँड आणि किंमत खुशाल बघा.

६. घेताना आणि भरताना

झाकणाचं सील पाहा. लिटरचा एक डबा जास्तीचा घेतला तर टॉप-अपला तेच ऑइल हाताशी राहतं. वरून ओतायची 'ताकदीची' औषधं टाळा. त्यांनी ऑइलचं जमलेलं मिश्रण बिघडतं.

ऑइल भरल्यावर इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा, गाडी सपाटीवर ठेवा, थोडं थांबा आणि डिपस्टिक पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडेल. डिझेलमध्ये ते काजळी धरून ठेवतंय याचीच ती खूण, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पातळी वाढताना दिसली तर मात्र लक्ष द्या. डीपीएफची काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल, फेरी छोटी असली आणि साफसफाई अर्धवट राहिली की ऑइलमध्ये उतरतं आणि त्याला पातळ करतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर गाडी न चालवता ऑइल बदलून घ्या. मुदत अजून बाकी असली तरीही.