फ्लूनंतर छातीत अडकलेला कफ कसा मोकळा करावा

ताप उतरला, अंग दुखायचं थांबलं, तरी छातीतली घरघर आणि खोकल्याची ढास जात नाही. श्वासनळीच्या अस्तरातल्या केसाळ पेशींवर प्रत्येकी सुमारे 200 सूक्ष्म केस असतात. सेकंदाला दहाएक वेळा हलून ते कफ घशाकडे सरकवतात आणि आपण तो नकळत गिळतो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू याच पेशींत शिरतो. त्या मरून गळतात, वर कफही जास्त आणि घट्ट होतो. नवे केस यायला काही आठवडे लागतात. तोवर साफसफाई खोकल्याच्याच भरवशावर, म्हणून बेडका पडत असताना खोकला दाबणारं औषध मनानं घेऊ नये.

नुसतं जोरजोरात खोकूनही भागत नाही. लहान नळ्या दाबाने मिटतात, कफ मागेच राहतो आणि माणूस दमतो.

त्यापेक्षा ताठ बसा, खांदे सैल सोडा. मिनिटभर पोटाने शांत श्वास घ्या. मग नाकाने तीन-चार खोल श्वास. प्रत्येक वेळी तीन अंक मोजेपर्यंत रोखा आणि अलगद सोडा. रोखल्याने हवा कफाच्या मागे पोचते. पुन्हा मिनिटभर शांत. आता मध्यम श्वास घेऊन तोंड उघडं ठेवा आणि चष्म्याची काच पुसण्याआधी करतो तसा लांब 'हाऽऽ' करा, फक्त पोटाचा जोर थोडा जास्त. एक-दोनदाच. कफ घशाशी खळखळला की पूर्ण श्वास घेऊन छोटा, जोरकस 'हा', मग एकदा खोकून थुंका. 'हा' करताना शिट्टीसारखा आवाज आला तर जोर जास्त होतोय. असं दहा मिनिटं, दिवसातून दोनदा; जेवणानंतर लगेच नको. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वाफाऱ्याने नाक मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही. लहान मुलांना तर उकळत्या पातेल्याजवळ नेऊच नका, भाजतं. झोपताना चमचाभर मधाने ढास थोडी कमी होते, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही.

बेडका हिरवा दिसला म्हणून लगेच अँटिबायोटिक घेऊ नका. तो रंग पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा (एन्झाइमचा) असतो, विषाणूच्या आजारातही येतो. मात्र उतरलेला ताप पुन्हा चढला, बसल्याजागी धाप लागली, बेडक्यात रक्त दिसलं किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. साचलेल्या कफात न्यूमोनियाचे जिवाणू वाढलेले असू शकतात.