केस झडणाऱ्या सशाची निगा: विंचरावं कसं, थांबावं कुठे

सशाचे केस झडायला लागले की घरभर केस उडतात आणि मग ब्रशची आठवण होते. खरं तर सतरंजीवरच्या केसांनी काही बिघडत नाही, ते झाडून टाकता येतात. काळजी करायची ती सशाच्या पोटात जाणाऱ्या केसांची. ससा दिवसातून कितीतरी वेळा स्वतःला चाटून साफ करतो आणि सुटलेले केस गिळतो. मांजर असे केस ओकून टाकतं, सशाला ओकता येत नाही. गिळलेलं सगळं आतड्यातून पुढे सरकूनच बाहेर पडावं लागतं. थोडे केस निरोगी सशाच्या पोटात नेहमीच असतात आणि ते सुखाने बाहेर पडतात. पण केस एकदम वाढले, त्यात पाणी आणि चोथा कमी पडला, की आतड्याची गती मंदावते आणि केस आतल्या अन्नात गुंतून त्याचा गोळा होतो. हे होऊ नये म्हणून केस सशाच्या जिभेला लागण्याआधी आपल्या हाताला लागले पाहिजेत.

केस कधी आणि कसे झडतात

बहुतेक सशांचे केस वर्षातून दोनदा जोरात झडतात आणि मधल्या काळात एक-दोनदा हलके. दिवसाची लांबी बदलली की शरीराला इशारा मिळतो. त्यामुळे घरात, रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली राहणाऱ्या सशाचं वेळापत्रक बिघडू शकतं आणि काहींचे केस वर्षभर थोडे थोडे झडत राहतात. जोराचा काळ साधारण २ ते ६ आठवडे चालतो.

सुरुवात सहसा डोक्यापासून होते. मग मान, पाठ, कुशी आणि सगळ्यात शेवटी खुबे, शेपटीचा भाग. आखूड केसांच्या सशात ही प्रगती चक्क रेघेसारखी दिसते: रेघेच्या पुढे नवे, चकचकीत केस आणि मागे जुने, फिके. काही सशांचे केस पुंजक्यांनी सुटतात, चिमटीत धरले की हातात येतात. केस बाजूला सारल्यावर कातडीवर निळसर-काळे डाग दिसले तर घाबरू नका. तिथे नवे केस उगवत असतात आणि गडद केसांच्या सशांत त्यांचा रंग कातडीतून दिसतो. डाग सपाट असेल, खपली किंवा लाली नसेल, तर तो रोग नाही.

साहित्य

रबरी दात्यांचा मऊ ब्रश, बारीक दातांची बोथट टोकांची फणी, दोन टॉवेल, कोमट पाण्याची वाटी आणि केस टाकायला एक पिशवी. आखूड केसांच्या सशाला एवढं पुरतं. लांब केसांच्या सशासाठी रुंद दातांचा कंगवाही हवा.

धातूच्या पात्याची, केस ओरबाडून काढणारी अवजारं बाजारात मिळतात आणि त्यांनी केसांचा ढीग निघतो हे खरं. पण त्यातले बरेच केस तुटलेले, म्हणजे अजून न सुटलेलेही असतात. सशाची कातडी ओल्या कागदासारखी नाजूक असते. पातं एकाच जागी चार-पाचदा फिरलं की ती सोलवटते, आणि दाट केसांखाली ते दोन दिवसांनी कळतं. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी या अवजाराच्या वाटेला जाऊ नये. तारांच्या ब्रशचंही तेच. वापरायचाच असेल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तिथे टोचला, तर सशालाही टोचेल.

बसवायचं कसं

टेबलावर नको, जमिनीवरच बसा. सशाचा सांगाडा हलका आणि मागचे पाय जबरदस्त ताकदीचे. घाबरून त्याने हवेत लाथ झाडली किंवा उंचावरून उडी मारली तर पाठीचा कणा मोडू शकतो. घसरड्या फरशीवर ससा आधीच अस्वस्थ असतो, म्हणून खाली जाड टॉवेल अंथरा. पंखा बंद ठेवा, नाहीतर निघालेले केस तुमच्या आणि सशाच्या नाकात जातात.

हात समोरून नाकाकडे नेऊ नका. सशाला नाकापुढचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही, तिथे अचानक हात आला की तो दचकतो. बाजूने या, आधी कपाळावर आणि गालांवर हात फिरवा, मग ब्रश. कान धरून उचलणं तर कधीच नको. पाठीवर उताणा केला की ससा गप्प पडतो, आणि त्याला ते आवडतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो आराम नसतो, भीतीने आलेला ताठरपणा असतो. विंचरण्यासाठी ही युक्ती वापरू नये.

विंचरण्याची पद्धत

१. दोन्ही तळहात पाण्यात बुडवून झटका. नुसते दमट राहिले पाहिजेत. मानेपासून शेपटीकडे सावकाश पण जरा दाबून पाच-सहा वेळा फिरवा. वरचे सुटे केस हाताला चिकटून येतात. केसांची गुंडाळी करून पिशवीत टाका, हात पुन्हा दमट करा. जोरात झडणाऱ्या सशाचे सगळ्यात जास्त केस या पहिल्याच पायरीत निघतात, म्हणून ती गाळू नका.

२. आता पुंजके. एका हाताची बोटं पुंजक्याच्या बुडाशी कातडीवर टेकवा म्हणजे कातडी ताणली जाणार नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत थोडेच केस, फक्त टोकाकडून, धरा आणि केसांच्या दिशेने अलगद ओढा. सुटलेला पुंजका काहीही जोर न लावता येतो. ओढताना कातडी तंबूसारखी वर उचलली गेली तर सोडून द्या, ते केस अजून तयार नाहीत. दोन दिवसांनी तेच आपोआप हातात येतील.

३. रबरी ब्रश केसांच्या दिशेने, आखूड फटक्यांनी फिरवा. एका जागी तीन-चार फटके झाले की पुढे सरका. अधूनमधून हलकेच उलट दिशेने केस उचलून बघा, आतली मऊ लव कुठे साचली आहे ते कळतं. ब्रश भरला की लगेच रिकामा करा, कारण भरलेला ब्रश केस काढत नाही, नुसता घासतो.

४. खुबे आणि शेपटीच्या बुडाशी फणी घ्या. इथली लव सर्वांत दाट, आणि ससा या जागी चावरा होतो. फणी कातडीला समांतर धरा, दात टोचू देऊ नका. दोन-तीन ओढी, मग कपाळावर हात, मग पुन्हा दोन ओढी. शेपटी खेचू नका.

५. मानेखाली लोंबणारी कातड्याची घडी, काखा आणि पोट यांना अवजार लावू नका, दमट बोटंच पुरतात. पोट बघायचं असेल तर एकाने सशाचे मागचे पाय जमिनीवरच ठेवून पुढचा भाग छातीखाली हात घालून थोडा उचलावा आणि दुसऱ्याने पटकन बघून घ्यावं. मादीच्या पोटावर स्तनाग्रं केसांत दडलेली असतात, फणीने ती दुखावतात.

६. तळपाय विंचरू नका. सशाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, तळपायाचे दाट केस हीच त्याची चप्पल. ते विरळ झाले की टाच फरशीवर घासून लाल होते आणि तिथे जखम होते. तळपाय फक्त बघा.

एका बैठकीला ५ ते १० मिनिटं पुरेत. केस संपायची वाट बघू नका, ते संपत नाहीत. एका पाठोपाठ अर्धा तास बसलात तर दुसऱ्या दिवशी ससा ब्रश दिसताच पलंगाखाली जाईल आणि सगळंच मुसळ केरात. जोराच्या काळात रोज, शक्य असेल तर सकाळ-संध्याकाळ विंचरा. एरवी आठवड्यातून एक-दोनदा. ससा दात खाऊन, अंग आक्रसून बसला किंवा पाय आपटायला लागला, तर त्या वेळेपुरतं थांबा. काम संपलं की आवडीची पालेभाजीची एखादी काडी द्या.

जोडीने राहणारे ससे एकमेकांना चाटतात. म्हणजे एकाचेच केस झडत असले तरी दुसऱ्याच्या पोटातही तेच जातात. ज्याचे झडताहेत त्याला विंचरा आणि दोघांच्याही लेंड्यांवर लक्ष ठेवा.

जट आणि मळलेले केस

जट कात्रीने कापायला जाऊ नका. कातडी जटेच्या बुडात ओढली गेलेली असते आणि केस कुठे संपतात, कातडी कुठे सुरू होते हे डोळ्यांना कळत नाही. आधी जटेवर थोडं कॉर्नफ्लोअर चोळा, मग बोटांनी ती टोकाकडून बुडाकडे उकलत या. सैल झाल्यावर कंगवा. कापल्याशिवाय गत्यंतर नसेल तर जट आणि कातडी यांच्यामध्ये फणी सरकवून फणीच्या वर कापा. फणी आत जातच नसेल तर ते काम पशुवैद्याचं. अंगोरासारख्या लांब केसांच्या सशाचे केस २–३ सेंटिमीटरवर कापून ठेवले तर जटा आणि पोटात जाणारे केस, दोन्ही कमी होतात.

केस पटकन सुटावेत म्हणून सशाला आंघोळ घालण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. दाट लव सहजी वाळत नाही, अंग गार पडतं आणि धसक्यानेही ससा दगावू शकतो. शेपटीखालचा भाग मळला असेल तर तेवढाच ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडा करा. तो रोज बघाच. मळक्या, ओलसर केसांवर माश्या अंडी घालतात आणि उष्ण हवेत एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडून कातडी पोखरायला लागतात. अळी दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका. तोच भाग वारंवार मळत असेल तर वजन, सांधेदुखी, दात किंवा आहार यांत कुठेतरी गडबड आहे. नुसतं पुसून ते सुटणार नाही.

पोटाची बाजू

रोज तासभर विंचरलं तरी काही केस पोटात जाणारच. ते पुढे ढकलायचं काम वाळलेल्या गवताचं आहे. रोजच्या खाण्यात किमान ८० टक्के वाटा गवताचा असावा. सोपं माप म्हणजे सशाच्या अंगाएवढा ढीग, दररोज, ताजा. झडण्याच्या दिवसांत गोळी खाद्य वाढवू नका, उलट ससा गवत कमी खात असेल तर तेच थोडं कमी करा. पाणी बाटलीच्या नळीऐवजी जड वाडग्यात ठेवा, वाडग्यातून ससे जास्त पितात. पालेभाजी धुऊन ओलीच दिली तर तेवढंच पाणी जादा जातं. आणि ससा धावता राहिला पाहिजे, कोंडलेल्या सशाची आतडीही सुस्तावतात.

अननसाचा रस किंवा पपईच्या गोळ्यांनी पोटातले केस विरघळतात, हा समज जुना आणि चुकीचा. त्यातली पाचक द्रव्यं प्रथिनं फोडतात खरी, पण केसांचं टणक प्रथिन त्यांना दाद देत नाही. पोटात जाते ती साखर, आणि ती सशाला बाधते.

आपलं काम कितपत साधलं हे लेंड्या सांगतात. रोज सकाळी पेटी साफ करताना बघा. लेंड्या गोल, सारख्या आकाराच्या, चुरडल्यावर आत गवताचे धागे दिसणाऱ्या असतील तर ठीक. दोन-तीन लेंड्या केसाने ओवल्यासारख्या जोडून पडल्या तर केस बाहेर पडताहेत हे चांगलं, पण पोटात जरा जास्त जाताहेत. विंचरणं आणि गवत दोन्ही वाढवा. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या आणि मोजक्या झाल्या तर आतडी मंदावत आहेत, त्याच दिवशी पशुवैद्यांना फोन करा. ससा १०–१२ तास काही खात नसेल, लेंड्या थांबल्या असतील, अंग चोरून दात करकरवत असेल, तर ही तातडीची वेळ आहे. अशा वेळी तेल पाजणं, पोट जोरात चोळणं किंवा दुसऱ्या दिवसाची वाट बघणं महागात पडतं.

हे केस झडणं नव्हे

मानेवर, पाठीवर पांढरा कोंडा आणि खाज असेल तर बहुधा बारीक किडे आहेत. गोल, खवलेदार टक्कल बुरशीचं असू शकतं, आणि ती माणसालाही लागते, हात धुवा. हनुवटीखालचे केस ओले होऊन गळत असतील तर दात बघून घ्यावेत. मादी पोटाचे आणि मानेखालच्या घडीचे केस स्वतः उपटून तोंडात गोळा करत असेल तर ती घरटं करते आहे. गाभण नसतानाही असं होतं.

किडे मारायला घरात असलेलं कुत्र्या-मांजराचं मानेवर टाकायचं औषध सशाला लावू नका. फिप्रोनिल असलेली औषधं सशाच्या जिवावर बेततात. सशासाठी कोणतं औषध आणि वजनाप्रमाणे किती, हे पशुवैद्यांनीच ठरवावं.