नर्मदेच्या फुगवट्यात तीन दिवस कनूने

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तरेला सातपुडा उतरतो, तिथे नर्मदा आता वाहत नाही, तुंबलेली असते. सरदार सरोवराचा हा फुगवटा. इथे कनूने, म्हणजे वल्ह्याने हाकायच्या अरुंद होडीने, फिरायचं तर सुट्टी कधी मिळते हे नंतर, आधी पाणी किती आहे ते बघा. जलाशय पूर्ण भरला की पातळी १३८.६८ मीटर (एवढा तो पहिल्यांदा भरला २०१९च्या सप्टेंबरात), मग ती उतरत जाते. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. पाणी बरंच उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात आणि कनूच्या तळाला घासल्यावरच कळतात.

जुन्या नकाशातली कितीतरी गावठाणं आज पाण्याखाली आहेत. उपग्रहाचं चित्र घ्या, पण त्यावरचा महिना वाचा. मे महिन्यात दिसणारी मुक्कामाची सपाट जागा नोव्हेंबरात पाण्यात असते.

दोघांनी वल्हवलेली भरली कनू शांत पाण्यात तासाला चारेक किलोमीटर जाते. तरी दिवसाला बाराच धरा. दुपारी वारा उठला की लाटा आडव्या येतात. उजाडताच निघा, पात्र ओलांडायचं तर तेव्हाच, आणि एरवी काठ सोडू नका. पलीकडे मध्य प्रदेश, खाली गुजरात. मुक्कामाची परवानगी त्या त्या बाजूच्या वन विभागाकडून लेखी घ्या. पाड्यावर उतरण्याआधी विचारा. पावरी-भिली बोलणारा एक स्थानिक दादा सोबत असला तर अर्धी कामं हलकी होतात.

सामान भरल्यावर कनूची कड पाण्याच्या किमान सहा इंच वर हवी. जड पोती तळाशी, मधोमध. मागचं टोक किंचित खाली. पुढचं टोक जड झालं की कनू वळायचं नाव घेत नाही. प्रत्येक पिशवी आडव्या फळीला बांधा. लाइफ जॅकेट अंगात, बकल लावलेलं; उशाखाली घेतलेल्याचा उपयोग नाही.

शिधा दोघांना तीन दिवस: तांदूळ सव्वा किलो, मूगडाळ पाऊण किलो, मोलगीच्या बाजारातली भगर अर्धा किलो, तेल, मीठ, भुरका, आमचूर. दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्याच. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून अर्धा तास निवळू द्या, मग वरचं पाणी खळखळून उकळा. माणशी दिवसाला चार लिटर.

उतरताना फसगत होते ती गाळात. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, आत गुडघाभर मऊ असतो. आधी वल्हं टोचा; दांडा सहज आत गेला तर पुढची खडकाळ जागा शोधा. तंबू पाण्यापासून दोन मीटर उंचावर. मगरी आहेत, म्हणून तिन्हीसांजेला भांडी पाण्यात उभं राहून घासू नका, बादलीने पाणी वर आणा.

कनू उलटली तर पोहत काठाकडे सुटू नका, तिलाच धरा. उलटी कनूही तरंगते, आणि लांबून डोक्यापेक्षा तीच आधी दिसते. फोनला रेंज नसते, तेव्हा परतायची वेळ नेमकी लिहून कुणाकडे तरी ठेवा, आणि ती टळल्यावर किती तासांनी पोलिसांना कळवायचं तेही.