भोकाचा पैसा जमवायचाय? मग आधी हे वाचा

आमच्या आजीच्या पानाच्या डब्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले तीन भोकाचे पैसे, म्हणजे ब्रिटिश काळातली मधे भोक असलेली नाणी, सापडले, माझ्या काकाच्या लहानपणीच्या करगोट्यातले, तेव्हापासून मी हे जमवतोय. नवीन कुणाला नाण्यांचा नाद लागला तर मी सांगतो की सुरुवात ह्याच पैशापासून कर, कारण वर्षं मोजकीच आहेत, १९४३ ते १९४७ मधली, आणि साधे पैसे अजूनही स्वस्तात मिळतात.

भोक का पाडलं तर महायुद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून. आधीचा पाव आणा, म्हणजे बिनभोकाचा पैसा, जवळपास ५ ग्रॅमचा, हा जेमतेम २ ग्रॅमचा आणि २१ मिलिमीटरच्या आसपास रुंद. किंमत मात्र तीच, ६४ पैशांचा एक रुपया. मधे भोक आल्यामुळे राजाच्या चेहऱ्याला जागाच उरली नाही, म्हणून एका बाजूला फक्त मुकुट आणि दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची वेल.

घेताना आधी साल बघा, मग भिंग लावून मुकुट. काहींचा मुकुट टोकदार दिसतो, काहींचा गोलसर, अक्षरंही लहान-मोठी असतात, हे प्रकार वेगवेगळे धरायचे. मग सालाच्या आसपास टांकसाळीची खूण शोधा, लाहोरची असेल तर एल, मुंबईची असेल तर टिंब नाहीतर शंकरपाळीसारखा आकार, आणि कलकत्त्याची असेल तर खूण नसते. लाहोरचा पैसा हातात आला की मला तरी फार भारी वाटतं, आणि १९४७ सालच्या पैशावरही मुकुटच आहे हे बघून तर मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

भोकाची कड नीट बघा हं. दोऱ्यात ओवून वापरलेला पैसा एका बाजूने घासलेला असतो, आणि लोकांनी हे पैसे वायसर म्हणूनही वापरलेत त्यामुळे ओरखडे खूप असतात. भोक बाजूला सरकलेलं असेल तर ते टांकसाळीतली चूक म्हणून महाग विकतात, पण कुणीतरी नंतर ड्रिलने भोक मोठं केलेलं नाही ना ते तपासून मगच पैसे द्या.

मिळायची जागा म्हणजे पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, आणि सगळ्यात आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे डबे. दुकानदार कधी ब्रिटिश पूर्व आफ्रिकेची भोकाची सेंटची नाणीही त्यातच टाकतो, ती वेगळी काढून ठेवा.

चिंच, लिंबू, पावडर काहीही लावून घासू नका!! तो तपकिरी थर गेला की नाण्याची किंमतही गेली. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमधे ठेवा आणि न घासता मऊ कापडावर टिपून घ्या. हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नको, पुठ्ठ्याच्या होल्डरमधे ठेवा, आणि कोकणात राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाच.

आणि कुणी फोन करून म्हणालं की तुमचा पैसा लाखाला जाईल, फक्त आधी कमिशन भरा, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मधेच सांगितलंय की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क मागत नाही.